राज्यातल्या पक्षांच्या भांडणांचा देशाच्या परराष्ट्र धोरणावर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. घटनेनुसार परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे आहेत, पण सरकार टिकवणारे खासदार राज्यांतूनच येतात. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा बांगलादेशाशी तिस्ता नदीच्या पाणीवाटपाच्या कराराचा मसुदा तयार होता. केंद्रातल्या मित्रपक्षाच्या नेत्या आणि पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐनवेळी सोबत जायला नकार दिला आणि करार रखडला.

मुंबईतलं उदाहरण ऑक्टोबर २०१५ चं. आधी शिवसेनेच्या विरोधामुळे पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींची मैफल रद्द झाली. मग बीसीसीआयचे तेव्हाचे अध्यक्ष शशांक मनोहर आणि पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचे शहरयार खान यांच्या भेटीच्या दिवशीच शिवसैनिक वानखेडेवरच्या बीसीसीआयच्या कचेरीत घुसले, मनोहरांच्या दालनात घोषणा दिल्या आणि बैठक बारगळली. सेना तेव्हा केंद्रात आणि राज्यातही भाजपसोबत सत्तेत होती, म्हणजे अडवणूक विरोधकांची नव्हती, मित्रपक्षाची होती. युतीतली चढाओढ अशी थेट शेजारी देशाशी होणाऱ्या बोलण्यांवर येते.

अर्थात देशाचा नेता आपल्या निर्णयावर ठाम राहिला तर चित्र बदलतं. २००८ मध्ये अमेरिकेसोबतच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, तरी सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासठराव जिंकला आणि करार केला. मात्र प्रत्येक अडवणूक वाईट असं मी म्हणणार नाही. तिस्तेच्या पाण्यावर उत्तर बंगालची शेती आहे, त्या शेतकऱ्यांचं म्हणणं दिल्लीत कुणीतरी मांडायलाच हवं.