दोन कथांची तुलना करताना आधी निवेदक बघ
एडगर अ‍ॅलन पो यांची ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ (१८४६) आणि शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ (१९४८) घेतलीस, तर कथानक सांगत बसू नकोस; नवख्यांचं पान तिथंच भरतं. गोष्ट कोण सांगतंय ते बघ. पोच्या कथेतला माँट्रेसॉर स्वतःच्याच गुन्ह्याची हकिगत सांगतो, तीही ५० वर्षांनी. म्हणून त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. ‘लॉटरी’चा निवेदक तटस्थ, कुणाच्या मनात फारसा शिरतच नाही. शेवट अंगावर येतो तो त्यामुळेच. मग पूर्वसूचना, म्हणजे शेवटाच्या आधीच पेरलेल्या खुणा, शोध : तिथे माँट्रेसॉरच्या झग्याखालून निघालेली गवंड्याची थापी, इथे पोरांनी खिशात भरलेले दगड. अशा खुणा दुसऱ्या वाचनातच दिसतात, तेव्हा पेन्सिल हाताशी ठेव. अवतरण दिलंस की त्याचा परिणाम लगेच पुढच्या वाक्यात लिही.