टोपणनावाने पुस्तक काढणं हा भित्रेपणा आहे का?

पहिला कथासंग्रह येतोय, त्यावर खरं नाव घालू की टोपणनाव, आणि लोक भित्री म्हणतील का, असं तुम्ही विचारलंय. त्या 'भित्री'साठी लिहायला बसले.

माझे मोठे दीर हेच म्हणायचे. माझी पहिली कथा दिवाळी अंकात टोपणनावाने आली. नवऱ्याने टाकलेल्या, भावांच्या दारात राहणाऱ्या बाईची कथा. गावात कुणी तिच्याकडे बोट दाखवू नये म्हणून मी नाव बदललं होतं. मानधनाचा चेक आला तोही टोपणनावावर. बँकेतल्या बाईंनी पासबुकावरचं नाव पाहिलं आणि चेक काचेखालून परत सरकवला. संपादकांना फोन केला, त्यांनी दुसरा पाठवला. पण दिरांनी रात्री पंगतीत विषय काढलाच. "स्वतःचं नाव लावायची हिंमत नाही, तिला पैसे कशाचे?" सासूबाईंचा भात वाढणारा हात थांबला. कुणीच काही बोललं नाही, मीही नाही. कथेतल्या भावांमध्ये त्यांनी स्वतःला ओळखलं होतं, राग त्याचा होता.

तेव्हा गिळलेलं आता बोलते. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात उघडपणे मांडली होती. केवढं वादळ उठलं! विभावरी शिरूरकर ही बाई कोण, याचाच शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. भित्र्या बाईच्या हातून असलं पुस्तक होत नाही. शिरवाडकर कवितेला कुसुमाग्रज, गडकरी कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम. त्यांची हिंमत कुणी काढली? बाईने नाव बदललं की लगेच, काय लपवतेय ही?

तेव्हा खुशाल घ्या टोपणनाव. करारावर आणि चेकवर मात्र खरं नावच हवं, हे प्रकाशकाला आधीच सांगा. आणि हो, लेखकाची ओळख शेवटपर्यंत गुप्त राहिली तर कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात. मुदतीच्या आत ओळख जाहीर झाली तर मृत्यूनंतर ६० वर्षं. मुलाबाळांसाठी हा फरक मोठा आहे. सरकारी नोकरीत असाल तर सेवानियम टोपणनावालाही लागतात, ते आधी वाचा. आणि कुणा खऱ्या माणसाची बदनामी करायला आडोसा हवा असेल, तर वरचं काहीच तुमच्यासाठी नाही.