घरटेपेटी, माश्यांचा ओंडका आणि अळशीचं तेल

प्रश्न : प्लायवूडची घरटेपेटी दोरीने टांगली, भोकाखाली बसायला दांडी लावली. चिमण्या फिरकत नाहीत आणि पावसात तळ फुगला. काय चुकलं?

उत्तर : आधी दांडी काढा. चिमणीला ती लागत नाही. घरटं लुटायला येणाऱ्यांचीच सोय होते. भोक 32 मिलिमीटरचं, त्याचा मध्य तळापासून 12 ते 15 सेंटिमीटर वर ठेवा. भोक खाली असलं की मांजराचा पंजा पिलांपर्यंत पोचतो. आतली जागा 12 बाय 12 सेंटिमीटर.

तळ फुगला तो बहुधा बाजूच्या फळ्यांखाली ठोकल्यामुळे. फळीवरून ओघळलेलं पाणी त्या सांध्यात शिरतं, प्लायचे थर सुटतात. 18 मिलिमीटरची साधी फळी घ्या, तळ बाजूंच्या मध्ये बसवा आणि त्याच्या कोपऱ्यांत 6 मिलिमीटरची चार भोकं पाडा. छप्पर पुढे उतरतं, 5 सेंटिमीटर बाहेर. भोकाच्या फळीला आतून रंधा मारू नका. खरबरीत लाकडात नख्या रोवून पिलं वर चढतात. दोरीवर पेटी हेलकावते, म्हणून ती भिंतीला 2-3 मीटर उंचीवर घट्ट बसवा. चिमण्यांना शेजार चालतो, जवळजवळ दोन-तीन पेट्या लावा.

प्रश्न : एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी ओंडक्याच्या गोल तोंडावर भोकं पाडली. ओंडका तडकला.

उत्तर : तडकणारच. ओंडका वाळताना गोल तोंडावर चिरा पडतात, त्या भोकांतून जातात आणि ओल, बुरशी, परजीवी किडे आत शिरतात. चांगलं वाळलेलं कठीण लाकूड घ्या आणि सालीच्या बाजूने भोकं पाडा : 3 ते 9 मिलिमीटर रुंद, मोठी भोकं 10 ते 15 सेंटिमीटर खोल, आरपार मुळीच नाही. खोलीत कंजुषी नको. मादी होणारी अंडी आत खोल घातली जातात, उथळ भोकांतून नरच जास्त निघतात. कडा पॉलिश पेपरने घासा. कुसळांनी पंख फाटतात. सकाळचं ऊन मिळेल तिथे लावा.

प्रश्न : पेटीला आतून व्हार्निश द्यावं का?

उत्तर : नको. आतून काहीच लावू नका. बाहेरून अळशीच्या तेलाचे दोन पातळ हात पुरेत. पूर्ण वाळल्यावरच पेटी लावा. तेलाच्या फडक्याचा बोळा मात्र टाकू नका. वाळताना तेलातून उष्णता सुटते, ती बोळ्यात कोंडली की फडकं आपोआप पेटू शकतं. ते बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.