एसएटी न देता अर्ज करायचा ठरवलंस, तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी परीक्षा द्यायची नाही, जिथे मागत नाहीत तिथेच अर्ज करायचा, असं तू ठरवलंयस. ठीक आहे. पण कॉलेजांची यादी कुठून तरी उचललेली दिसते, आणि तीही शिळी. त्यातून एमआयटी, डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्ड आधी खोड. कोविडच्या काळात त्यांनी अट काढली होती. एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, उरलेल्या तिघांनी २०२४ मध्ये. दरवर्षी कोणी ना कोणी नियम फिरवतंच. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या साइटवर जा आणि तू ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच वर्षाचा नियम वाच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो अशा सगळ्या कॅम्पसमध्ये प्रवेश ठरवताना एसएटी बघतच नाहीत. १६०० पैकी १६०० असले तरी उपयोग नाही. मेन नावाच्या राज्यातल्या बोडिन कॉलेजमध्ये मात्र गुण पाठवणं ऐच्छिक आहे, तेही १९६९ पासून. तिथल्याच बेट्समध्ये १९८४ पासून. मला अशा जुन्या ठिकाणांचा जास्त भरवसा वाटतो, कारण गुणांशिवायचा अर्ज कसा वाचायचा हे त्यांना पुरतं ठाऊक आहे.

ऐच्छिक ठिकाणी मात्र एकदा हिशोब कर. कॉलेज जो गुणांचा पट्टा (प्रवेश मिळालेल्यांचे गुण इतक्यापासून इतक्यापर्यंत) छापतं, तो गुण पाठवणाऱ्यांचाच असतो, आणि पाठवतात बहुतेक ज्यांचे चांगले आहेत तेच. म्हणून तो आकडा बघून घाबरायचं कारण नाही. डार्टमथने अट परत आणली तेव्हा कारण हेच दिलं होतं, की साध्या शाळांतली, बेताच्या परिस्थितीतली काही मुलं १४००च्या आसपासचे गुण लपवत होती आणि तेच गुण त्यांच्या कामी आले असते. तुझं गणित पक्कं आहे. घरी एक सराव पेपर वेळ लावून सोडव, फुकट मिळतो. आकडा बरा आला तर परीक्षेला बसायचा विचार कर. नाही आला तर विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. परीक्षा गेली की तिचं वजन तुझ्या नववी ते बारावीच्या गुणपत्रकांवर येऊन पडतं. आणि आपल्याकडे घोळ इथेच होतो. दहावी झाली, बारावीला अजून वेळ आहे, म्हणून अकरावी म्हणजे विसाव्याचं वर्ष! कोचिंग क्लासशी जोडलेल्या इंटिग्रेटेडवाल्या कॉलेजांत तर हजेरी कागदावर लागते, मुलं दिवसभर क्लासमध्ये. अकरावीला सगळ्यांना पास करतात, त्या गुणांना इथे कोणी हिंग लावून विचारत नाही. अमेरिकेतला अर्ज वाचणारा मात्र ते विषयवार बघतो. बारावीचा निकाल मे महिन्यात येणार, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जाणार. म्हणजे त्याच्या हातात बारावीची फक्त सहामाही आणि प्राचार्यांनी लेटरहेडवर लिहून दिलेले अपेक्षित गुण. सहामाही सहज घेऊ नकोस. आणि टक्क्यांचा जीपीए (अमेरिकन पद्धतीची गुणांची सरासरी) करत बसू नकोस, गुणपत्रकावर आहे तसंच भर. भारतातून येणारे अर्ज वाचणाऱ्यांना एचएससी बोर्ड नवं नाही.

दुसरं, शिफारसपत्र. कॅलिफोर्नियाला ते लागत नाही, तिथे आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तर द्यायचं असतं. बाकी बहुतेक ठिकाणी लागतं. तुमचे सर काय म्हणणार ते मला आताच ऐकू येतंय: 'तूच लिहून आण, मी सही करतो.' नको. एक तर ते खोटं आहे, आणि पत्र सरांनी त्यांच्या ईमेलवरून स्वतः चढवायचं असतं. शिवाय आपण लिहिलं की उतरतं ते कॅरॅक्टर सर्टिफिकेट: 'विद्यार्थिनी अभ्यासू, आज्ञाधारक असून वर्तणूक उत्तम आहे.' असल्या पत्राने वाचणाऱ्याला काय कळणार? त्यापेक्षा सरांना एका पानावर त्यांच्याच वर्गातल्या गोष्टी आठवून दे. रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात तुझं उत्तर पुस्तकाशी जुळेना, तेव्हा आकडा बदलून जर्नल पूर्ण करण्याऐवजी तू एंड करेक्शनवरून (नळीच्या तोंडाशी लांबीत करावी लागणारी दुरुस्ती) त्यांच्याशी वाद घातलास, असं मागे तू सांगितलं होतंस. तेच त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहू दे. इंग्रजीचं दडपण असेल तर मराठीत लिहू दे. इंग्रजीच्या मॅडमकडून भाषांतर करून मूळ पत्रासोबत जोडता येतं का, ते कॉलेजला मेल करून विचार. आणि हे ऑक्टोबरच्या आत. डिसेंबरात सरांच्या मागे प्रिलिमचे गठ्ठे असतात.

पैशांचं बाबांशी मोकळेपणाने बोल. कॅलिफोर्नियाकडून परदेशी मुलांना मदत जवळजवळ नसतेच, त्यामुळे घरून खर्च झेपणार नसेल तर बर्कलीचं नाव यादीत ठेवून नुसती अर्जाची फी भरण्यात अर्थ नाही. बोडिन २०२२ पासून परदेशी मुलांचीही ऐपत न बघता निवड करतं. अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. काही ठिकाणी प्रवेशाला एसएटी लागत नाही, पण गुणवत्तेच्या स्कॉलरशिपला लागते. ती ओळ पान उलटता उलटता निसटते.

आणि एसएटी टळली म्हणजे इंग्रजीची परीक्षा टळली असं नाही. टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांतलं काय चालतं ते बघून ठेव.

कॅलिफोर्नियाची शेवटची तारीख साधारण ३० नोव्हेंबर असते, कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची साइट, १ ऑगस्टला उघडतं. नवी यादी आठच ठिकाणांची कर, प्रत्येकापुढे नियम, मदत आणि तारीख लिही, आणि नववी ते अकरावीची गुणपत्रकं स्कॅन करून सोबत पाठव. निबंधाचं नंतर बघू.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका