नळाला हात लागला की झिणझिण्या का येतात?

प्रश्न : आमची इमारत चाळीस वर्षांची. वरच्या मजल्यावर नळाचे पाइप बदलल्यापासून तोटीला हात लागला की झिणझिण्या येतात, तेही आमचा गिझर बंद असताना. वायरमन म्हणतात, अर्थिंग आहे. मग शॉक येतो कुठून? — वाचक, पुणे

उत्तर : ती तोटी आजपासून वापरू नका आणि सोसायटीला लेखी कळवा. झिणझिण्या जाणवतात त्या साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तोटी सुटत नाही. तीसच्या पुढचा प्रवाह टिकला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. अंग ओलं असलं की तोच दोष कितीतरी जोरात बसतो.

जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर सरळ नळाच्या जीआय पाइपला क्लिपने आवळायची पद्धत होती. पाइप सलग लोखंडी आणि जमिनीत उतरलेला होता, तोवर ते चालून गेलं. मध्ये सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, एक तुकडा बसला की वरचा लोखंडी भाग अधांतरी राहतो. मग कुणाही एका घरातल्या गिझरची कॉइल फुटली की त्या पाइपवरच्या सगळ्या तोट्यांत फेज (जिवंत वायरची वीज) उतरते. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

दोष कुणाकडे आहे ते परवानाधारक वायरमनकडून शोधून घ्या. मल्टीमीटरची एक तार तोटीला, दुसरी मीटर बोर्डाजवळच्या खऱ्या अर्थिंगला लावायची आणि एकेका घराचा मेन स्विच पाडत जायचं. ज्या घराशी आकडा कोसळेल, तिथला गिझर तपासायचा. त्यानंतर प्रत्येक घरात मीटर बोर्डापासून वेगळी हिरवी वायर ओढा. गिझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला ती २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. पाइपवरची क्लिप नवी वायर जोडून झाल्यावरच काढायची, आधी नाही.

प्रश्न : खड्डा काढून नवं अर्थिंग केलं. आता आरसीसीबीचा (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा) खर्च कशाला? — वाचक, ठाणे

उत्तर : हिशेब करून पाहा. खड्ड्याचा रोध २० ओहम असेल तर फेज गिझरच्या बॉडीला (बाहेरच्या पत्र्याला) टेकल्यावर २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच) त्यावर पडणारच नाही आणि गिझरची टाकी तशीच 'जिवंत' राहील. रोध ५ ओहमवर आणला तरी जेमतेम ४६ अँपिअर, आणि तेवढ्यावर एमसीबी पडायला कित्येक सेकंद लागू शकतात. कातळ असेल तिथे ५ ओहम मिळणंही अवघड. त्यामुळे मोजणी अर्थ टेस्टरने आणि माती सुकलेली असते तेव्हा, एप्रिल-मेमध्ये करून घ्या. पावसाळ्यातला आकडा फसवतो.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की तो क्षणात पडतो. घराला ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चा माणसासाठी उपयोगाचा नाही. जादा लोडसाठी एमसीबी मात्र हवाच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर आरसीसीबीलाही काही कळत नाही.

'सारखा पडतो' म्हणून तो बायपास करू देऊ नका. बहुतेक वेळा इन्व्हर्टरचा किंवा दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल त्याच्या पुढे एकत्र बांधलेला असतो, किंवा एखाद्या बोर्डात ओल असते. ते शोधून दुरुस्त करता येतं. महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबा. त्याने फक्त यंत्रणा पडते की नाही ते कळतं, अर्थिंग चांगलं आहे हे नव्हे.

प्रश्न : सॉकेटमध्ये अर्थची वायरच नव्हती, म्हणून वायरमनने वरच्या जाड पिनेला न्यूट्रलचा लूप दिला. चालेल का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही, तो आजच काढून घ्या. पाठीमागे कुठेही न्यूट्रल सैल झाला की चालू असलेल्या मशीनमधून फेज त्याच लूपने बॉडीवर येते. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना पत्रा २३० व्होल्टवर जातो. आणि तो प्रवाह हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाईपर्यंत आरसीसीबीलाही त्याची खबर लागत नाही. हिरवी वायर ओढून होईपर्यंत त्या सॉकेटवर वॉशिंग मशीन, फ्रिज किंवा पाणी तापवायचा रॉड लावू नका.