वाचकांचे प्रश्न : कबर नसलेल्या गनरची आठवण

प्रश्न : लिंकनशायरमधल्या आमच्या शेजारच्या आजींचे काका ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरवर रिअर गनर (शेपटीकडच्या मशीनगनवरचा सैनिक) होते. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गच्या मोहिमेवरून त्यांचं विमान परतलंच नाही. ते उत्तर समुद्रात पडलं, असं घरात सांगतात. गावच्या चर्चमध्ये त्यांच्या नावाची पाटी लावायची आहे. तपशील खात्रीचा कसा करावा?

उत्तर : नावापासून नको, सर्व्हिस नंबरपासून सुरुवात करा. एकाच आडनावाचे, त्याच आद्याक्षरांचे सार्जंट बरेच निघतात. नंबर पदकांवर मिळणार नाही, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या सेवेची ब्रिटिश पदकं नाव न कोरताच दिली गेली. जुनी तार किंवा हवाई मंत्रालयाचं पत्र असेल, तर त्यात पाहा.

मग युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत तो नंबर शोधा. ब्रिटनमधल्या तळांवरून उडालेल्या आणि कबर नसलेल्यांची नावं सरे परगण्यात रनिमीडच्या स्मारकावर आहेत. १९५३ मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकावर वीस हजारांहून जास्त नावं आहेत, म्हणून पॅनेल नंबर लिहून घेऊनच जा. नावं अरुंद खिडक्यांच्या कडेच्या दगडात कोरलेली आहेत. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात. उजेड बाजूने पडत असताना फोटो घ्या.

यापुढचं काम लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या स्क्वॉड्रनच्या नोंदवहीचं, मालिका एआयआर २७. त्यातल्या फॉर्म ५४१ वर विमानाचा सीरियल नंबर, सगळ्या क्रूची नावं आणि उड्डाणाची वेळ मिळते. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, स्क्वॉड्रनमध्ये विमानाला ओळखीसाठी दिलेलं अक्षर. ‘ओ फॉर ऑरेंज’ पडलं की तेच अक्षर नव्या विमानाला मिळायचं, म्हणून शोध सीरियल नंबरनेच घ्या. दुसरी चूक तारखेची. विमानं रात्री निघून पहाटे परतत, त्यामुळे उदाहरणार्थ एका कागदावर २४ जुलै असतं आणि दुसऱ्यावर २५. तसं असेल तर पाटीवर ‘२४-२५ जुलैची रात्र’ असं लिहा, म्हणजे कोणताच कागद खोटा पडत नाही.

उरलेल्या सहा जणांनाही शोधाच. पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि मिड-अपर गनर यांच्यापैकी एखाद्याचा देह नेदरलँड्स, जर्मनी किंवा डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागला असेल, तर त्याची कबर तिथे आहे. विमान समुद्रात पडल्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. मात्र देह प्रवाहाबरोबर कित्येक आठवडे वाहत जात; किनारा म्हणजे पडण्याची जागा नव्हे.

मजकुरात हुद्दा, नाव, क्रूमधलं काम, स्क्वॉड्रन, विमान, रात्र आणि रनिमीडचं पॅनेल एवढं हवंच. कारणाचा कागद हाती नसेल तर ‘पाडले गेले’ लिहू नका. ‘मोहिमेवरून परतले नाहीत’ एवढंच लिहा. शेवटची ओळ आजींना ठरवू द्या. ज्यांना कबर मिळाली, त्यांच्या दगडावर घरच्यांना आपले चार शब्द कोरून घेता आले. रनिमीडवरच्यांच्या घरच्यांना ती संधीच मिळाली नाही. आमच्या मते पाटी लावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ‘फॅकल्टी’ ही लेखी परवानगी आधी लागते. पाटी कोरून मग अर्ज केला आणि मजकूर बदलायला सांगितला, तर दगड वाया जातो.

प्रश्न : लिंकनशायरच्या किनाऱ्यावर एका मच्छीमाराच्या जाळ्यात विमानाचा पत्रा आला. तो पाटीसोबत लावता येईल का?

उत्तर : परस्पर नाही. ब्रिटनमध्ये पडलेली लष्करी विमानं १९८६ च्या कायद्याने संरक्षित आहेत, आणि समुद्रातून आणलेली वस्तू २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सागरी अवशेषांची नोंद घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे कळवावी लागते. तोवर पत्रा घासू नका, सुकू देऊ नका. त्यावरच्या पार्ट नंबरवरून विमानाचा प्रकार कळेल, पण ते नेमकं काकांचंच विमान होतं हे तेवढ्यावरून ठरत नाही.