बंदरातले तास मोज

पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबतचा तक्ता ह्यांनीही चष्मा पुसून वाचला. चार जहाजे, त्यांचे मजले, तरणतलाव, उपाहारगृहांची संख्या, बाल्कनीच्या खोलीचे भाडे आणि शेवटच्या रकान्यात प्रवाशांनी दिलेले तारे असे सगळे तू नीट मांडले आहेस. मात्र जहाज कोणत्या बंदरात किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते यासाठी त्या तक्त्यात एकही रकाना नाही. आईबाबांच्या साठीनिमित्त स्वतःच्या कमाईतून त्यांना समुद्रप्रवास घडवण्याचा तुझा विचार चांगला आहे की नाही, यावर मी शाई खर्च करणार नाही. मला सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती तुला या पत्रात पुन्हा पुन्हा वाचावी लागणार आहे. बंदरातले तास मोज.

‘त्यांना झेपेल का’ हा प्रश्न तू तीन ठिकाणी विचारला आहेस. तुझी आई रोज सकाळी पर्वती चढते आणि वर पोहोचल्यावर दम लागलेल्या तरुणांना पाणी देते. तुझे वडील अजून सायकलवर भाजी आणतात. या दोघांसाठी काय झेपेल याची चौकशी तू अशा माणसाकडे केलीस, ज्याने त्यांना कधी पाहिलेले नाही. आणि त्याने साहजिकच ‘ज्येष्ठांना आरामच हवा असतो’ असे सांगून सर्वांत मोठे जहाज तुझ्यापुढे ठेवले. साठी उलटलेल्या माणसाला खुर्ची, बफे आणि संध्याकाळी गाणी एवढे पुरते, असे गृहीत धरणारे लोक आम्हाला दर प्रवासाआधी भेटतात. मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही. वेळापत्रकाचा कागद मागते.

मोठ्या जहाजांचे मला वावडे आहे असा तुझा समज झाला असेल तर तो पुष्कळसा खरा आहे. २०२४ मध्ये प्रवासी घेऊ लागलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब आणि वीस मजल्यांचे आहे आणि पूर्ण भरले तर त्यावर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी मावतात. लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने त्यावर अवश्य जावे, कारण घसरगुंड्या आणि तलाव यांतच त्यांची सुटी संपते आणि ती आनंदात संपते. परंतु एवढी माणसे एका सकाळी एका गावात उतरायची म्हणजे उतरण्याची रांग, बसची रांग, स्वच्छतागृहाची रांग आणि परत चढण्याची रांग, असा त्या दिवसाचा हिशेब होतो. कागदावर आठ ते पाच असे नऊ तास लिहिलेले असतात. जहाज धक्क्याला लागल्यावर बंदराची परवानगी मिळेपर्यंत आणि तुझा क्रमांक येईपर्यंतचा वेळ त्यातून वजा कर. सुटण्याच्या आधी अर्धा ते एक तास सर्वांनी परत यावे असा दंडक असतो, तोही वजा कर. उरलेले तास खरे, आणि मी मोजायला सांगते आहे ते हेच.

त्यानंतर नकाशा काढ. जाहिरातीत ‘रोम’ असे छापलेले असते, पण जहाज लागते ते चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सत्तरएक किलोमीटर दूर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो आणि ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जिथून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर लांब पडते. तुझे आईबाबा त्या दिवशी पॅरिस पाहणार नाहीत, महामार्ग पाहतील. व्हेनिसची गंमत आणखी निराळी आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांहून मोठ्या जहाजांना तिथल्या ज्युदेक्का कालव्यातून जायला इटलीच्या सरकारने बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे, कारण जुन्या शहराच्या अंगावरून इमारतीएवढी जहाजे नेण्याचे काहीच कारण नव्हते. त्यामुळे कागदावरचे व्हेनिस प्रत्यक्षात मार्गेराचा औद्योगिक धक्का असू शकते, किंवा त्रिएस्ते, राव्हेना यांसारखे दूरचे दुसरेच बंदरही असू शकते. तुझ्या तक्त्यातल्या दुसऱ्या जहाजाचे व्हेनिस नेमके कोणते, हे तू विचारलेस का? विचारले नसशील, कारण तू त्या वेळी खोलीतल्या पलंगाची रुंदी विचारत होतीस.

याउलट नेपल्सला जहाज थेट शहराच्या मांडीवर लागते. धक्क्यावरून बाहेर पडले की समोर किल्ला आहे आणि पॉम्पेईला जाणारी लोकल गाडी अर्ध्या-पाऊण तासात अवशेषांच्या दारात सोडते. माल्टातल्या व्हॅलेटा बंदराबद्दल तर आम्ही दोघेही पक्षपाती आहोत. ग्रँड हार्बरच्या तटबंदीखाली उतरायचे, तिथून अठ्ठावन्न मीटर उंचीची लिफ्ट थेट वरच्या बागेत नेते आणि पुढे सगळे शहर पायाखाली असते. ह्यांचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो, त्यामुळे त्या लिफ्टची आठवण आमच्या घरी आदराने निघते. अशा बंदरात सहा तास मिळाले तर ते सहाच्या सहा तास तुमचे असतात. जहाजवाल्यांची झेंडा धरून चालवणारी सहलही तिथे लागत नाही. ती सहल जिथे अंतर लांब आहे तिथेच घ्यावी, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबते, तुम्ही स्वतःहून भटकून उशीर केलात तर थांबत नाही.

ग्रीसच्या सांतोरिनी बेटासारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. ते खोल पाण्यात उभे राहते, लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते आणि मग वर गावात जायला केबलकारची रांग किंवा पावणेसहाशेच्या वर पायऱ्या. एका प्रवासात वारा वाढला म्हणून कप्तानाने ते बेट वगळले आणि बंदर-शुल्काचे थोडे पैसे आमच्या खात्यात परत आले. कप्तानाचा निर्णय बरोबर होता आणि करारात तसा अधिकार त्याला दिलेलाच असतो. परंतु ज्या प्रवासाचे सगळे आकर्षण अशा एका होडीच्या बंदरावर उभे आहे, तो प्रवास घेऊ नये असे मी तेव्हापासून सर्वांना सांगत आले आहे.

आता तुझ्या तक्त्यात नसलेले पाचवे जहाज. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ पासून माल आणि माणसे, आणि पूर्वी टपालही, नेणारी बोटसेवा आहे; रिकार्ड वित नावाच्या कप्तानाने ‘व्हेस्टेरॉलेन’ ही आगबोट त्या वर्षीच्या जुलैत त्रोन्डहाइमहून उत्तरेला काढली तेव्हा तिचा आरंभ झाला. आज तो मार्ग हुर्टिगरुटेन आणि, २०२१ पासून, हाविला अशा दोन कंपन्या मिळून चालवतात. दक्षिणेतल्या बेर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाऊन परत यायला बारा दिवस लागतात आणि चौतीस बंदरे लागतात. जाताना जी बंदरे रात्री झोपेत निघून जातात त्यांतली बरीचशी येताना दिवसा दिसतात. जहाजे त्या राक्षसांच्या मानाने चिमुकली. कॅसिनो नाही, नाच नाही, रात्री दहाला सगळीकडे शांतता. स्थानिक माणसे एका बंदरात पिशवी घेऊन चढतात आणि दुसऱ्यात उतरतात, धक्क्यावर मालाच्या पेट्या चढउतार होत राहतात, आणि तुम्ही कठड्याशी उभे राहून ते पाहता.

तू हुशार आहेस, तेव्हा लगेच म्हणशील की मावशी, यातल्या कित्येक धक्क्यांवर जहाज जेमतेम पंधरा मिनिटे उभे राहते, मग तुमच्या तासांच्या नियमाचे काय झाले? नियम जागच्या जागी आहे. ट्रॉम्सोला आणि हॉनिंग्सवॉगला पुरेसे तास मिळतात. हॉनिंग्सवॉगहून नॉर्थ केपच्या कड्यावर जाऊन येता येते, जो ७१ अंश उत्तरेच्याही वर आहे. आणि उरलेला बराचसा वेळ जहाज बेटे आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना घरे, कुंपणे आणि मासे वाळत घालायच्या लाकडी मांडण्या दिसत राहतात. उन्हाळ्यात ही जहाजे ट्रोलफ्योर्ड या अरुंद खाडीत शिरतात, जिचे तोंड शंभरएक मीटर रुंद आहे, आणि आत जाऊन तिथल्या तिथे वळतात. जिथे जमीन डोळ्यांसमोरून हलत नाही तिथे तो वेळही मी बंदराच्याच खात्यावर लिहिते. याला तू पळवाट म्हण हवे तर. ह्यांनी तर म्हटलेच आहे.

माझ्या आवडीचे मूळ कदाचित दुसरीकडे असेल. माझे बालपण मालवणला गेले आणि मुंबईला जायचे म्हणजे कोकणबोटीने. पावसाळ्यात ती बंद असे. एरवी वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी असे करत ती भाऊच्या धक्क्याला लागे, डेकवर वळकट्या पसरून माणसे झोपत, आणि बऱ्याच बंदरांत बोट दूर उभी राहून होड्यांतून चढउतार होई. लिंबाची फोड नाकाशी धरून बसलेल्या बायका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, आणि प्रत्येक बंदरात नव्याने सुरू होणारे भांडण. ती सेवा बंद पडली आणि आता मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाते ते पर्यटकांचे क्रूझ जहाज. त्यात वाईट काही नाही. तुझ्या आईबाबांची चाचणी घ्यायची असेल तर त्यांना आधी तिकडे दोन-तीन रात्री पाठव, म्हणजे कोणाला बोट लागते आणि कोणाला लागत नाही हे घराजवळच कळेल.

बोट लागण्याबद्दल तू फारच घाबरली आहेस. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, त्यांमुळे आडवे डोलणे पुष्कळ कमी होते. पुढचे टोक वरखाली होते ते मात्र थांबत नाही. म्हणून खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घे, जिथे हालचाल सर्वांत कमी असते. बाल्कनी वरच्या मजल्यांवर असते आणि महाग असते. भूमध्य समुद्रातल्या आठवड्याच्या प्रवासात आम्ही खिडकी नसलेली खोलीसुद्धा घेतली आहे, कारण सकाळी सातला बाहेर पडून संध्याकाळी अंघोळीला परतणाऱ्या माणसाने बाल्कनीला पैसे का द्यावेत, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. ते वाचलेले पैसे आणखी दोन बंदरे असलेल्या लांबच्या मार्गाला लाव. नॉर्वेत मात्र खिडकी घे. तिथे ती लागते.

आमच्यासारख्यांना लोक विक्षिप्त म्हणतात हे मला ठाऊक आहे. एका प्रवासात आमच्या टेबलावरचे एक सज्जन जोडपे कप्तानाच्या मेजवानीसाठी खास कपडे घेऊन आले होते आणि आम्ही दोघे त्या संध्याकाळी नऊला दिवा मालवून झोपलो, कारण सकाळी पहिल्या पन्नास माणसांत उतरायचे होते. त्यांना आमची कीव आली. आम्ही कोणाचा आनंद हलका ठरवत नव्हतो, परंतु मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांतून मोकळे होऊन आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा मी पासष्टीच्या पुढे होते. त्यातले काहीही टाळण्यासारखे नव्हते. तरी ह्यांचा गुडघा धड होता त्या वर्षांत आम्ही कुठल्याच परक्या गावाच्या पायऱ्या चढलो नाही, याची हळहळ मला वाटते, आणि ज्याला उशिरा मिळाले तो तास मोजणारच. तुझे आईबाबा आमच्यापेक्षा लवकर निघत आहेत. त्यांना तू तरंगत्या हॉटेलात बसवणार असशील तर माझा राग सहन करावा लागेल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते, कारण त्यात तू माझ्याहून चपळ आहेस. ग्रीसहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणारे जहाज असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. अलास्काचा विचार असेल आणि जहाज व्हँकुव्हरहून सुटत असेल तर अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचे व्हिसे लागतात; यंदा तो नाद सोड. सेवकांची बक्षिसी बहुतेक अमेरिकी जहाजांवर माणशी दररोज आपोआप बिलात चढते, ती आधीच हिशेबात धर. शाकाहाराचे बुकिंगच्या वेळी लिहून दे. नॉर्वेच्या बोटीवर पदार्थ थोडे मिळतील, म्हणून आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. जहाजावरच्या दवाखान्याची बिले जबर असतात आणि हेलिकॉप्टरने हलवावे लागले तर त्याहून जबर, तेव्हा विम्यात आजारी माणसाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना ते पाहा.

आता तो तक्ता पुन्हा कर. तारे काढून टाक, तलाव काढून टाक, आणि प्रत्येक बंदरासमोर तीन रकाने घाल : जहाज प्रत्यक्षात कुठे लागते, तिथून गाव किती दूर आहे, आणि वजाबाकी करून किती तास उरतात. तो आईबाबांच्या हातात दे आणि त्यांना निवडू दे. अचानक भेट देण्याची हौस तू वाढदिवसाच्या केकवर भागव. विम्याच्या अर्जात वडिलांचा रक्तदाब आणि आईची थायरॉईडची गोळी लिहायला विसरू नकोस. ‘किरकोळ आहे’ म्हणून वडील ते खोडायला सांगतील, त्यांचे ऐकू नकोस.

तुझी,
मावशी